श्री. अज्ञात यांची यादी

वाचकहो, आजचे टिपण वाचून काही जण म्हणतील, गुरुजींना या वयात हे काय सुचले! आजवर इथे शिलालेख झाले, बखरी झाल्या, गावच्या देवळाची जुनी कागदपत्रे झाली. आज ज्या कागदपत्रांबद्दल लिहिणार आहे ती संगणकाच्या पोटातली आहेत. पण कागदपत्र ते कागदपत्र. ते कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणत्या क्रमाने लावले आणि त्यात काय राहून गेले, हे इतिहासाचे चार प्रश्न तिथेही लागू पडतात. तेव्हा थोडा धीर धरा.

गोष्ट २०१३ सालची. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यावरची मूळ सिस्टीम इतकी मंद झाली होती की चालू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, मग कुठे पडद्यावर काही उमटायचे. माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, यावर लिनक्स टाकून देतो, बघा कसा पळतो." टाकले. त्याने पुन्हा चालू केला तर पडदा ठार काळा. आतला पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण दिसत काही नाही. हिने स्वयंपाकघरातून विचारले, "अहो, बिघडवलात ना तोही?" मी गप्प.

विद्यार्थी मात्र शांत होता. त्याने मशीन परत चालू केले, सुरुवातीलाच कुठलेसे बटण दाबून एक ओळ उघडली आणि तिच्या शेवटी एक शब्द टंकला. पडदा उजळला! जाताना त्याने तो शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिला: नोमोडसेट. म्हणाला, "सर, परत काळा झाला तर एवढं टाका."

मी विचारले, "याचा अर्थ काय रे?"

"अर्थ नका विचारू, सर. चालतं."

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की बाबांनो, घोकंपट्टी करू नका, अर्थ समजून घ्या. आणि त्याच मुलाने म्हातारपणी माझ्या हातावर मंत्र ठेवला, अर्थाशिवाय. ती चिठ्ठी मी पंचांगात खोचून ठेवली. पण अर्थाची रुखरुख काही जाईना. त्या शब्दाचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आज सांगतो.

आधी थोडी ओळख करून देतो, माझ्यासारख्या कला शाखेच्या लोकांसाठी. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो त्याला कर्नेल म्हणतात. (सैन्यातला कर्नल तो वेगळा.) स्मरणशक्ती किती, पडदा कुठला, तबकडी कुठे, कोणाला किती वेळ द्यायचा, हा सगळा कारभार तो पाहतो. त्याला लागणारे काही भाग वेगळे ठेवलेले असतात आणि गरज पडेल तेव्हाच जोडले जातात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. आता हा कारभारी कामाला लागतानाच त्याच्या कानात काही सूचना सांगता येतात: 'एवढीच स्मरणशक्ती वापर', 'अमुक भागाकडे लक्ष देऊ नको'. या सूचना म्हणजे पॅरामीटर. माझ्या चिठ्ठीवरचा शब्द हा असाच एक पॅरामीटर होता. अशा सूचना शेकड्यांनी आहेत. प्रश्न असा की, त्या कोणकोणत्या आहेत आणि त्यांचा अर्थ काय, हे लिहून कोणी ठेवायचे? आणि कुठे?

या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर लिनक्सच्या वीस वर्षे आधीचे आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम रचली. तिच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. त्या मॅन्युअलची मांडणी मला फार आवडली. एकूण सात विभाग. पहिल्यात वापरणाऱ्याने द्यायच्या आज्ञा, दुसऱ्यात कर्नेलला करायच्या विनंत्या, पुढे उपकरणे, मग फाइलींची रचना, असे करत शेवटी संकीर्ण. प्रत्येक विभागात पाने वर्णानुक्रमाने. प्रत्येक पानाचा साचा ठरलेला: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, आणखी काय पाहावे. त्यानंतर एक मथळा असे, 'दोष'. म्हणजे आपल्याच वस्तूत काय खोट आहे ते आपणच छापून द्यायचे! आणि सर्वांत शेवटी 'मालक' हा मथळा. त्याखाली ज्याने तो भाग लिहिला त्याचे छोटे नाव. रिचींचे असेल तर त्यांची आद्याक्षरे.

त्यांचे वरिष्ठ डग मॅकिलरॉय यांनी पुढे या मॅन्युअलच्या नंतरच्या आवृत्त्यांचे संपादन केले. त्या आवृत्त्यांना एक खास सूची जोडलेली असे. प्रत्येक पानाच्या शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने पुढे आणून त्या सूचीत लावलेला असे, म्हणजे तुम्हाला शीर्षकातला कुठलाही एक शब्द आठवत असला तरी पान सापडावे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात असे काही असते तर किती मुलांचे हेलपाटे वाचले असते!

सांगण्याचा मुद्दा असा की, जो रचतो तोच लिहितो, रचतानाच लिहितो आणि खाली आपले नाव घालतो, ही शिस्त तिथे पहिल्या दिवसापासून होती. मंडळी मूठभर होती, एका इमारतीत बसत होती, म्हणून ते जमले हेही खरे.

लिनक्सचा जन्म वेगळ्या घरातला. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या उद्योगाची वार्ता जगाला दिली, आणि मग देशोदेशीचे लोक त्यात भर घालू लागले. कोणी कोणाला पाहिलेले नाही, एक इमारत नाही, वरिष्ठ नाही. जो तो आपापल्या घरातल्या यंत्रासाठी लागेल तो तुकडा लिहून पाठवत होता. सुरुवातीच्या कर्नेलमध्ये सगळ्या सूचनांचा एकच तक्ता एका फाइलीत होता. कर्नेल सुरू होताना जी फाइल चालते, तीच ती. सूचना कोणती आणि ती आल्यावर कोणाला निरोप द्यायचा, एवढेच त्या तक्त्यात. अर्थ नाही, खुलासा नाही, पण निदान सगळी नावे एकाखाली एक दिसत होती. हजेरीपटासारखी.

आणि त्या काळी या सूचनांची गरज रोजची होती. जुन्या यंत्रातली मूळ व्यवस्था, जिला बायोस म्हणतात, तिला ६४ मेगाबाइटच्या पलीकडची स्मरणशक्ती मोजून सांगता येत नसे. मग मालकाने स्वतः यंत्र सुरू करताना सांगायचे की बाबा, माझ्याकडे १२८ आहे. नेटवर्कचे कार्ड असेल तर त्याचा क्रमांक आणि पत्ता सांगायचा. त्यातही गंमत पाहा. नेटवर्कच्या सूचनेत आधी इंटरप्टचा क्रमांक आणि मग पत्ता, तर ॲडाप्टेक कंपनीच्या एका स्कझी कार्डाच्या सूचनेत आधी पत्ता आणि मग क्रमांक. ज्याने जसे लिहिले तसे. वापरणाऱ्याने हे ओळखायचे कसे? ज्याला प्रोग्राम वाचता येतो त्याने मूळ प्रोग्राम उघडून पाहायचे. बाकीच्यांनी देवाचे नाव घ्यायचे.

इथे पॉल गॉर्टमेकर हे नाव येते. हे गृहस्थ स्वतः नेटवर्क कार्डांचे काम करणारे. त्यांनी नव्वदच्या दशकात 'बूटप्रॉम्प्ट हाउटू' नावाची एक पुस्तिका लिहिली. कोणती सूचना कोणत्या उपकरणाची, तिच्यात आकडे कोणत्या क्रमाने द्यायचे, हे सगळे समजावून सांगितले. १९९२ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टमध्ये अशा पुस्तिका जमत होत्या आणि फुकट वाटल्या जात होत्या. गॉर्टमेकर यांच्या मजकुरावरून आंद्रिएस ब्राउअर यांनी युनिक्सच्या जुन्या साच्यातले एक मॅन्युअलचे पानही तयार केले. थोडक्यात, पहिली व्यवस्थित मांडणी झाली ती कर्नेलच्या घराबाहेर, ओसरीवर.

घराबाहेरच्या वहीची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. घरात बदल होतो, वहीला पत्ता नसतो. घरातल्या मंडळींना तर वहीची गरजच वाटत नसे. 'सगळे मूळ प्रोग्राममध्ये आहे की, वाचा,' हे त्यांचे ठरलेले उत्तर. रिक व्हॅन रील यांनी १९९८-९९ मध्ये, कर्नेल चालू असताना बदलता येणाऱ्या सूचनांचे दस्तऐवज लिहिले. त्यांनी सुरुवातीलाच या उत्तराचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की, काही लोकांना काही बदलायची गरज आहे हेच माहीत नसते, आणि काहींना मूळ प्रोग्राम वाचायला वेळ नसतो किंवा तेवढे ज्ञान नसते. त्यांच्यासाठी हे लिहिले. मला हे वाचून फार बरे वाटले. पाठ्यपुस्तक असताना शिक्षक कशाला, असे विचारणाऱ्यांना मीही हेच सांगत असे. व्हॅन रील यांची मांडणीही सुटसुटीत होती. फाइलींसाठी एक कप्पा, स्मरणशक्तीसाठी एक, खुद्द कर्नेलसाठी एक. ज्या नावाच्या कप्प्यात ती सूचना यंत्रात राहते, त्याच नावाच्या कागदात तिचा खुलासा.

मग कर्नेलच्या २.३ या विकास-मालिकेत, म्हणजे १९९९-२०००च्या सुमारास, एक सुधारणा झाली. तो जो एकच मोठा तक्ता होता तो मोडला. आता ज्याने त्याने आपली सूचना आपल्याच फाइलीत जाहीर करायची. बांधणीच्या वेळी यंत्र ती आपोआप गोळा करेल. करणाऱ्यांच्या दृष्टीने फार सोय झाली. नवा भाग लिहिणाऱ्याला सगळ्यांच्या सामायिक फाइलीला हात लावायला नको. पण हजेरीपट गेला! सूचना आपापल्या घरी गेल्या आणि गावात एकूण घरे किती हे सांगणारे कोणी उरले नाही.

आणि याच काळात कर्नेलबरोबर मिळणाऱ्या कागदपत्रांमध्ये एक साधी मजकुराची फाइल दिसू लागते. नाव 'कर्नेल-पॅरामीटर्स'. सगळीकडे विखुरलेल्या सूचना कोणीतरी हिंडून गोळा केल्या आणि एकाखाली एक लावल्या. तिच्या प्रास्ताविकात म्हटले आहे की ही एकत्रित यादी आहे आणि जिथे माहीत आहे तिथे वर्णन दिले आहे. 'जिथे माहीत आहे तिथे'! म्हणजे गोळा करणाऱ्यालाही सगळ्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याने नाव लिहिले आणि पुढची जागा मोकळी सोडली. ज्याने कधी जनगणनेचे काम केले आहे त्याला हा प्रामाणिकपणा कळेल. कुलूप असलेल्या घराचीही नोंद करायची असते.

हा गोळा करणारा कोण? फाइलीत पुढे काही वर्षे बदलांची एक छोटी नोंदवही होती. तिच्यातली पहिली नोंद जून २००० ची. दिवसाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे. आणि नावाच्या जागी काय असावे? 'मिस्टर अननोन'. श्री. अज्ञात! पुढे खुलासा असा की, २.४.० साठीची ही शेवटची ज्ञात सुधारणा, त्याआधी नोंद ठेवलेली नाही.

मी ही ओळ वाचून बराच वेळ बसून राहिलो. १९७१ च्या मॅन्युअलात प्रत्येक पानाखाली मालकाचे नाव, आणि इथे, तीस वर्षेही झालेली नाहीत, तर ज्या कामामुळे जगभरच्या हजारो लोकांचे पडदे उजळले त्याचा कर्ता अज्ञात. आपल्याकडे लेणी खोदणाऱ्यांची नावे सापडत नाहीत याचे आपण दुःख करतो. पण ही तर माझ्या निवृत्तीच्या जेमतेम आठ वर्षे आधीची गोष्ट!

कारण शोधले तेव्हा ते अगदी साधे निघाले. १९९१ पासून २००२ पर्यंत लिनक्सचे काम दुरुस्त्यांचे तुकडे टपालाने पाठवून चालत असे. (टपाल म्हणजे ईमेल.) टोरवाल्ड्स ते तुकडे आपल्या प्रतीत बसवत आणि मधूनमधून पूर्ण गठ्ठा प्रसिद्ध करत. कोणती ओळ कोणाची, हे कायम लिहून ठेवणारी यंत्रणाच नव्हती. २००२ मध्ये बिटकीपर नावाची एक प्रणाली ते वापरू लागले, आणि एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतः गिट ही प्रणाली रचली. तेव्हापासून प्रत्येक ओळीमागे नाव, दिनांक आणि कारण राहते. श्री. अज्ञात हे त्या आधीच्या अंधारातले.

त्या नोंदवहीत दुसरी नोंद मात्र ठसठशीत आहे. २४ नोव्हेंबर २००२, पेत्र बाउडिस आणि रँडी डनलॅप. त्यांनी बहुतेक सूचनांची वर्णने लिहिली, सविस्तर माहिती कुठल्या फाइलीत मिळेल ते दिले, आणि नवे वर्ग पाडले. हे वर्ग समजून घेण्यासारखे आहेत. प्रत्येक सूचनेपुढे चौकोनी कंसात एक-दोन संक्षिप्त खुणा असतात. ही नेटवर्कची, ही यूएसबीची, ही अमुक जातीच्या प्रोसेसरवरच लागू, ही मुळात कर्नेलची नसून त्याला उठवणाऱ्या प्रोग्रामची. म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या यंत्रापुरते पाहता येते.

आता यादीच्या क्रमाबद्दल. प्रास्ताविकात लिहिले आहे की यादी इंग्रजी शब्दकोशाच्या क्रमाने आहे, आणि लगेच त्याची व्याख्याही दिली आहे: विरामचिन्हे धरायची नाहीत, आकडे अक्षरांच्या आधी, लहान-मोठी लिपी एकच मानायची. शब्दकोशाचा क्रम म्हणजे काय हे सांगावे लागावे, याचे इंग्रजी वाचकाला नवल वाटेल. मराठी वाचकाला वाटणार नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे शोधायचे, अनुस्वार आधी की नंतर, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी संपेपर्यंत वाद झालेले मी ऐकले आहेत. क्रम सांगितल्याशिवाय यादी म्हणजे नुसता ढीग.

अजून एक नियम मला भारी वाटला. सूचनेच्या नावात आडवी रेघ मध्ये दिली काय किंवा खाली दिली काय, कर्नेल दोन्ही एकच मानते. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाला माफी! पण स्पेलिंग चुकले तर मात्र पंचाईत. कर्नेलला जो शब्द ओळखता येत नाही, तो ते टाकून देत नाही. पुढे सुरू होणाऱ्या पहिल्या प्रोग्रामकडे सरकवते. ('हे माझ्या खात्यात येत नाही, पुढच्या टेबलावर जा.') वर्षानुवर्षे हे मुकाट्याने होत असे. तुम्हाला वाटावे सूचना दिली, आणि ती कोणी ऐकलेलीच नाही. २०२१ पासून निदान अशा अनोळखी शब्दांची नोंद कर्नेल आपल्या रोजनिशीत करू लागले.

मॉड्यूलच्या सूचनांची कथा थोडी निराळी आणि माझ्या मते जास्त शहाणपणाची. मॉड्यूल म्हणजे सुटे भाग, ते शेकड्यांनी; त्यांच्या सूचना एका यादीत कोण आणि किती लिहिणार? म्हणून तिथे युक्ती अशी केली की, मॉड्यूल लिहिणाऱ्याने सूचना जाहीर करायच्या ओळीच्या शेजारीच एक ओळ वर्णनाची लिहायची. ते वर्णन मॉड्यूलच्या पोटातच बांधले जाते. औषधाच्या बाटलीवर चिकटवलेल्या कागदासारखे. 'मॉडइन्फो' ही आज्ञा दिली की तो कागद वाचता येतो. डिसेंबर २००३ मध्ये कर्नेलची २.६ ही आवृत्ती आली. त्याआधी रस्टी रसेल यांनी मॉड्यूल जोडण्याची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली होती. त्यामुळे एकच सूचना दोन्हीकडे चालू लागली. भाग सुटा असेल तर जोडताना द्या, गाभ्यातच बांधला असेल तर सुरुवातीच्या ओळीत मॉड्यूलचे नाव, टिंब आणि सूचना असे द्या. शिवाय चालू यंत्रात त्या सूचनेची आताची किंमत काय, हे एका ठराविक ठिकाणी पाहता येऊ लागले. सरकारी यादीत याचे उदाहरण म्हणून जी सूचना दिली आहे ती यूएसबीच्या जोडपेटीवरचे दिवे आळीपाळीने लुकलुकवण्याची आहे. इतक्या गंभीर कागदात दिवाळी!

अर्थात बाटलीवर कागद असला म्हणजे तो नीट लिहिलेला असतोच असे नाही. सूचनेचे नाव 'डीबग' आणि वर्णन काय, तर 'डीबगची पातळी'. संदर्भासह स्पष्टीकरण विचारले की काही मुले कवितेचीच ओळ उलटी करून लिहीत, त्यातला प्रकार. आणि एक मोठी खोट बरीच वर्षे राहिली. मॉड्यूल गाभ्यात बांधले की त्याचा कागद गळून पडे, मॉडइन्फोला तो दिसेना. ती दुरुस्ती व्हायला २०१९ उजाडले.

एव्हाना कर्नेलबरोबरच्या कागदपत्रांचा पसारा फार वाढला होता. शेकडो सुट्या फाइली, आल्या तशा एका खोलीत टाकलेल्या. जोनाथन कॉर्बेट हे २०१४च्या सुमारास त्या खोलीचे कारभारी झाले. २०१६ मध्ये स्फिंक्स नावाची मांडणीची पद्धत स्वीकारली गेली आणि मॉरो कार्व्हाल्यो शेहाब प्रभृतींनी फाइलीमागून फाइली तिच्यात आणल्या. खोल्या पाडल्या. यंत्र चालवणाऱ्यांसाठी वेगळी, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी वेगळी. आपली सूचनांची यादी चालवणाऱ्यांच्या खोलीत गेली. पण गंमत अशी की, प्रास्ताविक नव्या पद्धतीने सजवले आणि मूळ यादी मात्र साध्या मजकुराचीच ठेवली. आज ती सहा हजारांहून अधिक ओळींची आहे. श्री. अज्ञात आज आले तरी आपले काम लगेच ओळखतील. त्यांच्या नावाची नोंदवही मात्र आता त्या फाइलीत नाही. त्याच कागदपत्रांमध्ये भाषांतरांची एक खोली आहे. चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश. मी पाहिले तेव्हा तिथे मराठी नव्हती, कुठलीच भारतीय भाषा नव्हती.

आता माझ्या चिठ्ठीकडे येतो. २०१३ मध्येच, पडदा उजळल्यावर महिन्याभरात, मी ती यादी विद्यार्थ्याकडून मागवून घेतली आणि शब्दकोश घेऊन बसलो. 'एन'ची सगळी पाने वाचली. नोमोडसेट नाही! वाटले, आपलेच इंग्रजी कच्चे. विद्यार्थ्याला फोन केला. त्याने शोधले. "सर, खरंच नाही हो." जो शब्द लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ, तो सरकारी यादीतच नाही. २०१०च्या सुमारास तो कर्नेलमध्ये आला. पडद्याचा कारभार तेव्हा कर्नेलने नुकताच आपल्या हाती घेतला होता आणि पुष्कळ यंत्रांवर पडदे काळे पडत होते, म्हणून ही पळवाट. ती चालली. चालली म्हणून सगळ्यांनी पाठ केली. आणि सगळ्यांना पाठ आहे म्हटल्यावर लिहायची आठवण कोणाला राहिली नाही.

दहा वर्षांहून अधिक काळ असाच गेला. २०२१च्या अखेरीस हावियर मार्तिनेझ कॅनियास यांनी एक दुरुस्ती पाठवली: या शब्दाची कुठेच नोंद नाही, नावही संदिग्ध आहे, तेव्हा वर्णन जोडत आहे. २०२२ मध्ये ते सर्वांपर्यंत पोचले. विद्यार्थ्याने आठवणीने मला ती ओळ पाठवली. अर्थ असा: यंत्र सुरू होताना मूळ व्यवस्थेने पडदा जसा लावून दिला असेल तसाच राहू द्यावा, जे चालक प्रोग्राम तो हिसकावून घेतील ते जोडू नयेत, अडचणीच्या वेळचा आधार म्हणून वापरावे. नऊ वर्षांनी मला माझ्या मंत्राचा अर्थ मिळाला. चार-पाच ओळींचा मजकूर.

आता कोणी म्हणेल, काम तर होतच होते, चार ओळींनी काय बिघडले होते? याचे उत्तर मी माझ्याच चुकीतून देतो. शाळेत मी अठरा वर्षे वेळापत्रक केले. बावीस शिक्षक, चौदा तुकड्या, एक प्रयोगशाळा, एक मैदान. शुक्रवारी पाचवा तास अमुक बाईंना का द्यायचा नाही, नववी 'ब'चे गणित दुपारी का ठेवायचे नाही, चित्रकलेनंतर लगेच खेळ का नको, याची कारणे माझ्या डोक्यात होती. एकही लिहिलेले नव्हते. सगळ्यांना मी वेळापत्रक करून देई आणि ते चालत असे. निवृत्त झालो त्या जूनमध्ये नव्या सरांचे फोन सुरू झाले. पहिल्या आठवड्यात मला जरा बरेच वाटले. आपल्यावाचून अडते म्हणून. महिन्याभराने लक्षात आले की ते सर रात्री बारापर्यंत जागून तीच कोडी पुन्हा सोडवत होते, जी मी दहा वर्षांपूर्वी सोडवली होती. आणि काही कारणे तर मलाच आठवेनात! नियम आठवत होता, का ते आठवत नव्हते. मी त्यांना काय सांगितले असेल? "सर, कारण विचारू नका. चालतं तसं."

विद्यार्थी ते वाक्य कोणाकडून शिकला असेल, असे हल्ली वाटते.

असो. ती चिठ्ठी अजून आहे. त्या ओळीचा मराठी अर्थ मी तिच्या मागच्या बाजूला लिहिला, खाली दिनांक घातला आणि नावही घातले. आता वेळापत्रकाची वही घेतली आहे. आठवतील तेवढी कारणे लिहितो आहे, आणि जी आठवत नाहीत त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडतो आहे. पुढच्या आठवड्यात शाळेत नेऊन देईन म्हणतो. कोणी वाचेल की नाही, देव जाणे.